मिसळणाचा डबा

फराळाच्या दिवसांत आमच्या आजीचे बोट हमखास कापायचे. करंज्यांसाठी नारळ खोवायला ती विळीवर बसली, की तिचे तोंड आणि हात एकदम सुरू होत. गोष्ट रंगात आली की नजर विळीवरून उठायची, आणि मग 'स्स' असा एकच बारीक आवाज. आम्ही मुले घाबरून जायचो. आजी मात्र बोट तोंडात धरूनच म्हणायची, "बघत काय बसलायस पोरी? डबा आण."

डबा म्हणजे मिसळणाचा डबा. पितळेचा, गोल, आत सात वाट्या. मोहरी, जिरे, मेथी, हिंग, धने, तिखट आणि मधोमध हळद. आजी चिमूटभर हळद घेऊन जखमेवर दाबायची, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची आणि तोडलेल्या गोष्टीचा धागा पुन्हा हाती घ्यायची. दोन दिवसांत चिंधी सुटायची. बोटावर पिवळा डाग तेवढा उरायचा.

हा डबा आज तुमच्याही स्वयंपाकघरात आहे. तो पितळेचा नसेल, स्टीलचा असेल. पण वाट्या त्याच. आपण त्याकडे चवीचा डबा म्हणून पाहतो. आपल्या पणज्या त्याकडे औषधाची पेटी म्हणूनही पाहत होत्या. त्यांचे ते पाहणे कितपत खरे होते, आणि ते खरे आहे हे जगाला केव्हा व कसे पटले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मी तो शोधू लागले त्याला एक निमित्त झाले. आजीने मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मला देता आले नव्हते. तो प्रश्न मी योग्य जागी सांगेन. आधी डबा उघडू या.

हळदीपासूनच सुरुवात करू, कारण आम्ही कृष्णाकाठची माणसे. सांगलीजवळ हरिपूर म्हणून गाव आहे. तिथे कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे आणि हळदीची पेवे आहेत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले कोठार. तोंड लहान, पण आत माणसे उभी राहून काम करू शकतील एवढे पोट. उकडून वाळवलेली हळद त्यात भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. आधी हवा खेळू देतात, कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर माणूसही विझेल, एवढे शास्त्र तिथल्या हमालाला कोणत्याही शाळेत न जाता ठाऊक असते. 2005 च्या महापुरात यांतील कितीतरी पेवांत पाणी शिरले आणि हा व्यवहार खचला. पण सांगलीच्या हळदीचे नाव टिकले. 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पेवातली हवेची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

जखमेवर स्वयंपाकघरातली वस्तू लावणे ही काही एकट्या आपल्या आजीची युक्ती नव्हे. एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने 1862 साली इजिप्तमध्ये लक्झर येथे एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. ती होती इसवी सनापूर्वी सुमारे 1600 वर्षांची, आणि तिच्यात डोक्यापासून खालपर्यंतच्या 48 दुखापतींची हकीकत वैद्याने ओळीने मांडली होती. जेम्स ब्रेस्टेड या पंडिताने 1930 साली तिचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा वाचणाऱ्यांना मोठे नवल वाटले. उघड्या जखमेवर तो इजिप्शियन वैद्य पुन्हा पुन्हा एकच उपाय सांगतो : चरबी, मध आणि सुताचा बोळा. आपल्याकडे सुश्रुतानेही जखमेच्या उपचारांत मध आणि तूप यांना मानाचे स्थान दिले आहे. दोघांमध्ये समुद्र आणि वाळवंट. पण दोघांचा हात मधाच्याच बुधल्याकडे गेला.

मधात असे आहे तरी काय? तर प्रथम म्हणजे साखर फार आणि पाणी फार थोडे. शंभर भागांत सतरा-अठरा भाग. जंतू अशा घट्ट पाकात पडला, की त्याच्याच अंगातले पाणी मध ओढून घेतो. आपले मुरंबे टिकतात ते याच न्यायाने. दुसरे म्हणजे मध आंबट असतो. गोडव्यामुळे तो आंबटपणा जिभेला कळत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक. मधमाशी मधात आपल्या अंगचा एक पाचक रस मिसळते. जखमेतल्या पाण्याने मध थोडा पातळ झाला, की हा रस जागा होतो आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतो. तेच, जे दवाखान्यात जखम धुताना फसफसते. मधातला हा जंतुनाशक पदार्थ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच, हे 1963 साली सिद्ध झाले. म्हणजे इजिप्शियन वैद्याला जे दिसले होते त्याचे कारण कळायला साडेतीन हजार वर्षे जावी लागली.

एवढा वेळ का लागला? कारण शत्रूच कोणाला दिसत नव्हता. सतराव्या शतकात लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म जीव पाहिले खरे. पण ते माणसाला आजारी पाडतात ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि कोख यांनी सिद्ध करीपर्यंत कोणाला पटली नाही. एकदा ती पटल्यावर मात्र प्रश्नच पालटला. 'कोणत्या औषधाने बरे वाटते?' असे विचारणारी माणसे आता 'कोणत्या पदार्थाने कोणता जंतू मरतो?' असे विचारू लागली. हा प्रश्न काचेच्या बशीत विचारता येतो, आणि बशीला भीड नसते.

लसणाला हा प्रश्न नीट विचारला गेला तो 1944 साली. अमेरिकेतल्या एका औषधी कंपनीत काम करणारे चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी लसणातून एक तेलकट द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ॲलिसिन असे नाव दिले. ते अनेक जातींच्या जंतूंना भारी पडत होते. पण खरी गंमत पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्टोल आणि झेबेक यांनी उकलली. सबंध पाकळीत ॲलिसिन नसतेच! पाकळीच्या पेशींत एका खणात एक निरुपद्रवी, बिनवासाचे द्रव्य असते आणि शेजारच्या खणात त्याला पेटवणारा पाचक रस. पाकळी दाताखाली किंवा बत्त्याखाली आली की मधली भिंत फुटते, दोघांची गाठ पडते, आणि क्षणात ॲलिसिन जन्माला येते. लसणाचा उग्र वास हा त्या भेटीचा वास आहे. म्हणूनच सोललेला लसूण हुंगला तर फारसे काही नाही, आणि ठेचला की शेजारच्या घरापर्यंत वर्दी जाते. पाकळी सबंधच उकळत्या रश्शात सोडली तर तो पाचक रस आधीच मरतो आणि ही भेट होतच नाही. आजी पाट्यावर लसूण ठेचायची. का ठेचायचा, हे तिला कोणी विचारले असते तर ती म्हणाली असती, "अगं, सबंध लसणाला काय चव?" चवीची वाट आणि शास्त्राची वाट कधी कधी अशी एकाच अंगणातून जाते.

याच लसणाची आणखी एक कथा इंग्लंडात घडली. लंडनच्या ग्रंथालयात 'बाल्ड्स लीचबुक' नावाचे दहाव्या शतकातले एक वैद्यकाचे हस्तलिखित आहे. त्यात डोळ्यावरच्या रांजणवाडीचे औषध दिले आहे : लसूण आणि त्याच्याच कुळातला दुसरा एक कांदा कुटायचा, त्यात द्राक्षाचे मद्य आणि बैलाचे पित्त घालायचे, आणि ते पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवून द्यायचे. वाचणारा हसेल अशीच कृती. पण नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक बाईंनी आणि एका जंतुशास्त्रज्ञ बाईंनी हसणे बाजूला ठेवून ती कृती अक्षरशः करून पाहिली. 2015 साली त्यांचा निष्कर्ष जगासमोर आला. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा जो जंतू इस्पितळांतून ठाण मांडून बसला आहे, तो या काढ्याने काचेच्या बशीत तर मेलाच, पण उंदराच्या जखमेतलेही शेकडा नव्वदच्या आसपास जंतू नाहीसे झाले. आणि विशेष हे, की एकेक जिन्नस सुटा वापरला तर असा गुण येत नव्हता. सगळे एकत्र, सांगितले तसे आणि तितके दिवस ठेवले तरच येत होता. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ती कृती नीट लिहून ठेवली, म्हणून हे कळले.

लिहून ठेवण्याचे मोल आपल्याला याआधीच एकदा कळले होते, आणि तेही हळदीवरून. 1995 च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कचेरीने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. दोघेही भारतीय वंशाचे. पेटंट म्हणजे मक्ता. आजीच्या चिमटीवर त्या देशात कोणाचा तरी मालकी हक्क लागला! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत गरिबीत शिकलेले आपले मराठी शास्त्रज्ञ. परिषदेने 1996 साली या पेटंटाला आव्हान दिले.

आता कचेरीपुढे काय मांडायचे? 'आमच्या घरोघरी आया-आज्या हे करतात' हा पुरावा तिथे चालत नाही. तिथे कागद लागतो, तारीख लागते. परिषदेने 32 संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांतले उतारे होते, काही शंभर वर्षांहून जुने. शिवाय भारतीय वैद्यक मंडळाच्या नियतकालिकातला 1953 सालचा एक लेखही होता. 1997 च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला : यात नवे काही नाही, पेटंट रद्द. आपल्या वर्तमानपत्रांनी माशेलकरांना 'हळदीघाटीचे योद्धे' म्हटले ते तेव्हापासून. या लढाईचा धडा घेऊन 2001 साली आपल्या पारंपरिक ज्ञानाचा संगणकावरचा कोश करायला सुरुवात झाली, म्हणजे पुन्हा कोणी असा मक्ता मागितला तर पुरावा तयार असावा.

मला या विजयाचा अभिमान आहे. पण त्यातली एक गोष्ट मनाला टोचतेही. त्या 32 कागदांत कोणत्याही आजीचे नाव नव्हते. जिच्या हातांनी हे ज्ञान जिवंत ठेवले तिने ते लिहिले नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते. आणि लिहिले गेले नाही म्हणून ते कधी तपासलेही गेले नाही. कोणती चिमूट लागू पडली आणि कोणती पडली नाही, याची वही कुठल्याच घरात नव्हती.

ती वही शास्त्रज्ञांनी उशिरा का होईना उघडली. आणि इथे, वाचकहो, अभिमानाला थोडा आवर घालावा लागतो. हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कर्क्युमिन 1815 साली वेगळे काढले गेले, आणि ते काचेच्या बशीत काही जंतूंना आवरते हे 1949 साली प्रसिद्ध झाले. मात्र हळदीच्या शंभर भागांत कर्क्युमिन असते तीनच भागांच्या आसपास. आणि पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात जवळजवळ उतरतच नाही. 2017 साली काही अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी तोवरच्या सगळ्या संशोधनाचा झाडा घेतला. माणसांवर कर्क्युमिनचे शंभराहून अधिक प्रयोग झाले होते. पण कसोटीला पूर्ण उतरलेला, निर्विवाद यश दाखवणारा एकही त्यांना सापडला नाही. बशीतला विजय वेगळा आणि देहातला वेगळा.

मसाल्यांच्या बाबतीतही असेच झाले. 1998 साली अमेरिकेतल्या दोघा शास्त्रज्ञांनी 36 देशांतल्या साडेचार हजारांवर पाककृती तपासून म्हटले, की उष्ण देशांत मसाला अधिक वापरतात तो अन्नातले जंतू मारण्यासाठीच. आपल्याला हे ऐकून बरे वाटले. पण 2021 साली दुसऱ्यांनी तेहतीस हजारांवर पाककृती मोजल्या आणि सांगितले, की हा संबंध काही नीट जुळत नाही. लोणचे टिकते हे खरे; पण त्यात मीठ, आंबटपणा आणि वरचा तेलाचा थर यांचा वाटा मोठा, मोहरी-हळदीचा हातभार. उघड्यावर राहिलेली शिळी भाजी मात्र कितीही तिखट असली तरी शिळीच.

आता आजीचा प्रश्न.

आमच्या घरी भाऊबिजेला आत्या यायची. माझे वडील एकुलते एक भाऊ. एकच पाट मांडला जायचा, भोवती रांगोळी, समोर आत्याचे ताट. मी नुकतीच शिक्षिका झाले होते त्या वर्षीची गोष्ट. ओवाळणी झाली, सगळे जेवायला बसले, आणि आजी त्या रिकाम्या पाटाकडे बघत माझ्याशी हळूच बोलली, "आज तीन पाट मांडले असते गं."

वडिलांच्या आधी तिला दोन मुलगे झाले होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पहिला आठव्या दिवशी गेला, दुसरा सातव्या. दोघेही धडधाकट जन्मले. सहाव्या दिवसापर्यंत चांगले दूध प्याले. मग तोंड उघडेना, जबडा आवळला, अंगाला हात लावला की देह कमानीसारखा ताठ व्हायचा. गाव म्हणाले, सटवाईने नेले. सुईण म्हणाली, तिचे काही चुकले नाही. नाळ नेहमीसारखी विळ्यानेच कापली होती आणि वर राख व हळद लावली होती.

"बोटाला गुण येतो," आजी म्हणाली, "मग त्यांना का नाही आला? तू शिकलीयस. हळद कमी पडली असेल का गं?"

साठ वर्षे ती हा प्रश्न मनात घेऊन जगली होती. आणि मी शिकलेली, गप्प बसले.

आजी, उत्तर असे आहे. तुझ्या बाळांना धनुर्वात झाला होता. देह धनुष्यासारखा वाकतो म्हणून ते नाव. त्याचा जंतू मातीत आणि शेणात असतो. 1889 साली किटासाटो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने तो वेगळा करून दाखवला. हरिपूरच्या पेवात हवा नसली की कीड मरते. हा जंतू नेमका उलट्या वळणाचा. जिथे हवा नाही तिथेच तो वाढतो. त्याची बीजे उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाहीत. न धुतलेल्या विळ्याबरोबर किंवा वर लावलेल्या राखेबरोबर ती नाळेत शिरतात, आत हवेवाचून फोफावतात आणि विष सोडतात. वरची हळद तिथवर पोचतच नाही. चिमूट नव्हे, पोतेभर असती तरी पोचली नसती. आणि बोटावरची जखम भरायची ती बहुतेक तुझ्या धडधाकट रक्ताने. जखम उथळ होती आणि विळी रोजची धुतलेली होती. हळदीने थोडी मदत केली असेल.

हळद कमी पडली नाही. तू तर मुळीच कमी पडली नाहीस. कमी पडले ते स्वच्छ पाते आणि एक सुई. या विषाविरुद्धची लस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तयार झाली होती. ती तुझ्या गावापर्यंत आली नाही. पुढे 1978 पासून आपल्या देशात लसीकरणाची मोहीम सुरू झाली, गरोदर बायांना ही सुई मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागली. एके काळी या देशात वर्षाला दीड ते दोन लाख तान्ह्या बाळांना धनुर्वात होई. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, की भारतात बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरलेला नाही. हे तुला सांगायला हवे होते. तू त्याआधीच गेलीस.

मधाचीही अशीच एक सूचना देऊन ठेवते, कारण दिवाळीत घरोघरी तान्ही बाळे येतात आणि कौतुकाने त्यांना मधाचे बोट चाटवले जाते. जखमेवर गुणी ठरलेल्या याच मधात कधी कधी एका विषारी जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती रुजू शकतात. 1976 साली हा आजार प्रथम ओळखला गेला, आणि तेव्हापासून डॉक्टर सांगत आले आहेत, की वर्षाच्या आत मध नको. आजीबाईंनी यात अपमान मानू नये.

परवा फराळाच्या गडबडीत माझ्या मुलीने नारळ खोवताना बोट कापून घेतले. विळी तीच, आजीची. मी तिचे बोट नळाखाली धरले, साबणाने धुतले, स्वच्छ पट्टी बांधली, आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते कार्ड काढून पाहिले. एवढ्यात माझी आई मिसळणाचा डबा घेऊन आली. "चिमूटभर तरी लाव गं," ती म्हणाली. तिच्या हातात तो डबा पाहून मला काही बोलवेना.

मी डबा तिच्याकडून घेतला. मुलीला जवळ बसवून हे सगळे सांगितले : पेवाचे, पपायरसचे, अमेरिकेतल्या कज्जाचे, आणि भाऊबिजेच्या तीन पाटांचे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आता या हळदीचं काय करायचं?"

चुलीवर वरण उकळत होते. मी म्हटले, "टाक त्यात." तिने चांगल्या हाताने चिमूट उचलली आणि वरणात सोडली.